भागीकाकीचं कुंकू

सरपंचबाई आमच्या घरापुढच्या खळ्यात आल्या तेव्हा आई वाळत घातलेले बांगडे उलटत होती. तिने वर पाहिलं, पण हात काही थांबवला नाही.

"बसा. वास येतलो, पण बसा."

बाई पदर सावरून पायरीवर बसल्या. अस्मिता कोचरेकर त्यांचं नाव. धामणसर ग्रामपंचायतीला त्यांच्याआधीही बाई सरपंच झाल्या होत्या, पण त्यांच्या खुर्चीत त्यांचे नवरे बसत. या स्वतः बसायच्या. महिला-बालकल्याणाचा निधी मार्चच्या आत खर्च करावा लागतो, त्यामुळे आमच्या गावातल्या बायकांचं कल्याण जानेवारीत सुरू होऊन मार्चअखेर संपायचं. तेवढ्यात रक्ततपासणी, शिवणवर्ग, पाककृती स्पर्धा, संगीत खुर्ची सगळं उरकून घ्यायचं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला माईकवर बोलायची हौस होती, म्हणून सूत्रसंचालन कायम माझ्याकडे. गावातल्या निम्म्या बायकांना मी खुर्च्यांभोवती पळवलेलं आहे.

त्या वर्षी मात्र बाईंच्या मनात वेगळं होतं. रथसप्तमीला ग्रामपंचायतीचं हळदीकुंकू करायचं आणि त्यात विधवांनाही कुंकू लावायचं. कुठल्याशा गावाने असं केल्याचं त्यांनी पेपरात वाचलं होतं. ग्रामसभेत ठराव झाला. काही म्हातारे उठून गेले, पण ते चहा यायच्या आधी नेहमीच उठून जात.

"द्वारकाताई, तुमच्याकडे एक काम घेऊन आलेय," बाई म्हणाल्या. "भागीरथीकाकी तयार झाल्यात. पण त्यांची अट आहे. कुंकू लावायचं तर तुमच्याच हातचं."

आईच्या हातातला बांगडा खाली पडला. तिने तो उचलला, वाळू झटकली आणि परत जागेवर ठेवला.

"माका जमाचां नाय."

"अहो, पण का?"

"नाय म्हटलां मां, बाई. च्या घेतलास?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आईच्या कपाळाकडे पाहिलं. मेणावर लावलेलं बंद्या रुपयाएवढं लालभडक कुंकू तिथे होतं. मला कळायला लागल्यापासून ते तिथेच होतं आणि त्यावरून आमचं घर गावात ओळखलं जायचं. कारण माझे बाबा समुद्रात गेले होते ते परत आले नव्हते.

माझे बाबा पुंडलिक गिरकर आणि भागीकाकीचे यजमान बुधाजी कुबल यांची मिळून एक होडी होती. मी तिसरीत असताना कार्तिकातल्या एका सकाळी दोघे गेले. दुपारी वारा फिरला. बाकीच्या होड्या संध्याकाळपर्यंत कशाबशा लागल्या, यांची लागली नाही. बऱ्याच दिवसांनी शेजारच्या गावच्या खडपात, किनाऱ्यावरच्या खडकांत, एक प्रेत लागलं. एकच. पाण्यात इतके दिवस राहिल्यावर चेहरा चेहरा राहत नाही, आणि अंगातली निळी जर्सी दोघांचीही सारखीच होती, एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेली. पोलीसपाटील गोपाळमामा दोघींना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

पुढचं मला गोपाळमामांनीच सांगितलेलं. भागीकाकी दवाखान्याच्या बाकावर बसली ती उठेचना. म्हणाली, "द्वारका बगांदे. ती सांगात तां खरां." आई एकटी आत गेली. बाहेर आली. हवालदाराने विचारलं, तर म्हणाली, "माजो न्हय."

होडीत माणसं दोन होती. एकीने नाही म्हटलं की दुसरीला काही म्हणायची गरज उरत नाही. भागीकाकीने त्याच बाकाच्या कडेवर मनगटं आपटून बांगड्या फोडल्या.

त्या दिवसापासून आमचं घर वाट बघणाऱ्यांचं झालं आणि शेजारचं घर विधवेचं. मध्ये फक्त निवडुंगाचं कुंपण. वादळात वाहत गेलेली माणसं वर्षांनी परत आल्याच्या गोष्टी किनाऱ्यावर काही कमी नाहीत. कुणाला कारवारच्या बंदरावर बाबांसारखा माणूस दिसला, कुणाला गुजरातेत. मी प्रत्येक गोष्टीवर विश्वास ठेवायचे. खुंटीवरचा त्यांचा रेनकोट वाऱ्याने भिंतीवर घासला तरी मला ते मागच्या दारी आल्यासारखे वाटायचे आणि मी दार उघडून बघायचे. शाळा सुटली की दप्तर पायरीवर टाकून बंदरावर. होड्या लागेपर्यंत तिथेच बसायचं.

आई मात्र कधी समुद्राकडे बघायची नाही. बंदरावर मासे घ्यायला गेली तरी पाण्याकडे पाठ करून उभी राहायची. बायका म्हणत, काय विश्वास आहे हिचा, वाटसुद्धा बघावी लागत नाही. मला मात्र तिचा राग यायचा. वाटायचं, सगळं मी एकटीनेच बघायचं का.

एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात राहिली होती. बुधाजीकाकांचं दहाव्याचं पिंड. बायकांनी तिथे जायची आमच्यात रीत नाही, पण त्या दिवशी या दोघी गेल्या आणि मी आईचा हात सोडायला तयार नव्हते म्हणून मीही गेले. पिंड ठेवलं, कावळे सुरूच्या झाडावर बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. लोकांनी नाना आश्वासनं दिली. बुधाजी, भागीक आमी बगतों. बुधाजी, जाळ्यांची काळजी करू नको. बुधाजी, तुज्या भावाशी भांडान मिटवतों. ऊन चढलं, सगळे घामाघूम झाले. शेवटी आई पुढे झाली, पिंडापाशी वाकली आणि ओठातल्या ओठात काहीतरी बोलली. ती मागे वळेपर्यंत कावळा खाली आला होता. भागीकाकीने तिथेच आईच्या पायावर डोकं ठेवलं.

तर अशी ही दोघींची मैत्री, आणि आई कुंकू लावायला नाही म्हणते, हे मला समजेना.

सरपंचबाई गेल्यावर मी कुंपणापलीकडे गेले. भागीकाकी ट्रंक उघडून बसली होती. मांडीवर हिरवं लुगडं, घडीवर पिवळी पडलेली रेघ.

"ह्यां लगीनातलां," ती म्हणाली. "बरां दिसात मां गो?"

"नवरी दिसतलंस."

"चल, चावट."

तिला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे माझी वेणी, माझा अभ्यास, माझं लग्न हे सगळे तिचेच विषय. मी पाय पसरून बसले की ती माझ्या डाव्या पायाच्या बोटांशी चाळा करायची. अंगठ्याशेजारची माझी दोन बोटं जन्मापासून एकमेकांना जुळलेली आहेत. शाळेत मला बदक म्हणत. भागीकाकी म्हणायची, "ही बापसाची सही. तो खंय गेलो तरी ही ऱ्हवली." बाबांचीही बोटं तशीच होती, त्याच पायाची.

"काकी, आवशीचोच हात कित्याक होयो? ती आयकणां नाय."

"आयकात." तिने लुगड्याची घडी हाताने साफ केली. "माजां पुसलां त्या दिसाक तिनाच माका धरलेल्यान. तिच्याशिवाय दुसऱ्या कोणापुढे मी कपाळ करूचंय नाय." मग हसून म्हणाली, "तशी ती हट्टीच. बुधाजीच्या तिथीक दर वर्षाक शिरवाळे करून धाडता. बुधाजीक गोडाचो तिटकारो. जितो होतो तेवा एक घास खाल्ल्यान नाय. पण मी पानात वाढतंय. तिचो जीव दुखवूचो कित्याक?"

मीही हसले. आईचे शिरवाळे, नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया, वर्षातून त्या एकाच दिवशी व्हायचे आणि त्या दिवशी आईचा उपास असायचा. मैत्रिणीच्या दुःखापायी करते, असं सगळे म्हणत. संक्रांतीच्या दिवसांत गावभर बायका हळदीकुंकवाला फिरायच्या, तेव्हाही आई कुठे जायची नाही. एवढं ठसठशीत कुंकू लावून ती भागीकाकीच्या पडवीत जाऊन बसायची आणि दोघी सुपारी कातरत.

घरी येऊन मी आईला धारेवर धरलं. त्या वयात माणसाला आपलं म्हणणं फार बरोबर वाटतं.

"तुजो घोव येतलो म्हणान तू जन्मभर कुंकू लावतंस. तिना एक दिस लावन घेतल्यान तर तुका जड जाता?"

आई चुलीपाशी होती. तिने लाकूड आत सारलं.

"वैजू, दुसरां कायव सांग. माज्या हातान तां जमाचां नाय."

"मगे तिका जावन सांग तसां."

आई खरंच उठली. मी खिडकीतून बघत होते. ती कुंपणापाशी गेली, हाक मारायला तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात भागीकाकी हिरवं लुगडं नेसून पडवीत आली. नुसतं कसं दिसतं ते बघायला नेसली असावी. आईला बघून ती लाजली, पदर डोक्यावर घेतला, आणि गोल फिरून तिने आईला लुगडं दाखवलं. त्या वयात, त्या राठ केसांनी.

आई परत आली. "सरपंचबाईक सांग, मी येतंय म्हणान."

रथसप्तमीच्या दिवशी सकाळपासून माझी धावपळ होती. आई आरशापुढे बसली ती उठेना. तिने मेण जाडसर लावलं, त्यावर कुंकू, परत मेण, परत कुंकू.

"काय गो, आज कपाळभर लावतंस?" मी चिडवलं. "सरपंचबाईंच्या करंड्यातलां पुराचां नाय म्हणान घेवन चललंस?"

ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं रागावली.

कार्यक्रम चक्रीवादळ निवारा केंद्रात होता. वादळात लोकांनी आसऱ्याला यावं म्हणून बांधलेली ही गावातली सगळ्यात भक्कम इमारत. वादळात तिथे कुणी जात नाही, कारण किल्ली ग्रामसेवकांकडे असते आणि ग्रामसेवक तालुक्याला राहतात. पण कार्यक्रमांना ती फार सोयीची पडते. त्या दिवशी पताका लावल्या होत्या, झेंडूच्या माळा होत्या, वाणाला स्टीलचे डबे आले होते. गर्दी एवढी झाली की बायका जिन्यावर बसल्या.

विधवांच्या खुर्च्या व्यासपीठावर एका ओळीत मांडल्या होत्या. मी माईकवर नाव घ्यायचं, ठरलेली सवाष्ण पुढे यायची, सरपंचबाई करंडा धरायच्या. सुरुवातीला हसणं-खिदळणं चाललं होतं. पहिल्याच म्हाताऱ्या आजीने कुंकू लावून घेतलं आणि मोठ्याने म्हणाली, "खाजता गो," त्यावर सगळं सभागृह हसलं. पण मग एकेक कपाळ लाल होत गेलं तसं हसू कमी झालं. काही जणी लावून घेताना डोळे मिटत होत्या. एकीने सुनेचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि सोडेचना. पैसे खर्च करायचे म्हणून केलेल्या आमच्या सगळ्या कार्यक्रमांत हा एक खरा झाला, असं मला अजूनही वाटतं.

"आता श्रीमती भागीरथी बुधाजी कुबल," मी म्हटलं. "आणि त्यांना कुंकू लावताहेत त्यांच्या शेजारी, सौभाग्यवती द्वारका पुंडलिक गिरकर."

आई जिन्याकडच्या कोपऱ्यातून आली. व्यासपीठावर चपला काढायच्या होत्या, तिने त्या नीट जोडून ठेवल्या. भागीकाकी हिरव्या लुगड्यात पोरीसारखी ताठ बसली होती आणि गालात हसत होती. सरपंचबाईंनी करंडा पुढे केला.

आईने करंड्यात बोट घातलं नाही. तिने उजवा अंगठा स्वतःच्या कपाळावर टेकवला आणि तिथलं कुंकू मेणासकट ओढून घेतलं. ते तिने भागीकाकीच्या कपाळावर लावलं, दाबून, गोल फिरवून. मग पदराचं टोक तोंडात धरून ओलं केलं आणि आपल्या कपाळावर राहिलेला डाग पुसून काढला.

मी माईक खाली धरला होता, म्हणून ती काय म्हणाली ते आम्हाला तिघींनाच ऐकू आलं.

"ह्यां तुजां, भागी. माज्याकडे ऱ्हवलेलां."

भागीकाकी अजून हसतच होती. मग तिचं हसू थांबलं. तिने आईच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, आणि तिथून तिची नजर हळूच खाली आली. ती माझ्या पायांकडे बघत होती. मी अनवाणी उभी होते.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरपंचबाईंनी डोळे टिपत माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाल्या की आपल्या सौभाग्यातला वाटा दुसरीला देणं म्हणजे काय हे आज द्वारकाताईंनी गावाला दाखवलं. पेपरवाल्याने फोटो काढला. मी गोंधळून गेले होते. आईला असलं काही नाटकी सुचेल असं मला कधी वाटलं नसतं. पण ओळीत अजून बायका बसल्या होत्या, म्हणून मी पुढचं नाव घेतलं.

वाण वाटून, सतरंज्या गोळा करून मी घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. आई खळ्यात बसली होती. मी काही विचारणार तेवढ्यात भागीकाकी कुंपणाच्या फटीतून आली. लुगडं तेच, कुंकू तसंच. ती आईच्या समोर जमिनीवर बसली. मी दारातच थांबले.

"बोटां बगलंस?" भागीकाकीने विचारलं.

"बगलंय."

"जुळलेली?"

"जुळलेली."

मी उंबऱ्यावर उभी होते आणि मला माझ्या पायांकडे बघवेना. एवढी वर्षं मी ज्याच्यासाठी बंदरावर बसले, त्याच्या पिंडापाशी मी उभी राहिले होते, आईचा हात धरून, आणि लोक त्याला दुसऱ्याच्या नावाने हाका मारत होते.

"मगे कित्याक?" भागीकाकीचा आवाज चढला नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

आई जमिनीकडे बघत बोलली. "खरां सांगाचां म्हणानच भायर इलंय. हवालदारान इचारल्यान आणि तोंडातना 'न्हय' इलां. माका वाटलां, मी नाय म्हटलां तर तां नाय होतलां. घराक जायन, वैजूक सांगन, बापूस येतलो. तू बाकावर बसलेलंस तां माज्या ध्यानातच नाय. बांगड्यो फुटल्याचो आवाज इलो तेवा वळान बगलंय."

"तेवा सांगाचां होतां."

"होय."

"दुसऱ्या दिसाक सांगाचां होतां."

"होय, भागी. रोजच सांगाचां होतां."

भागीकाकी मान हलवत राहिली. कावळ्यांचा थवा सुरूच्या बनाकडे परतत होता.

"शिरवाळे," ती म्हणाली. "पुंडलिकाक आवडत."

आईने पदर तोंडात कोंबला.

मला वाटलं, आता ही आईला मारेल. ओरडेल, गाव गोळा करेल. तिने तसं केलं असतं तर मी तिला अडवलं नसतं. पण ती उठून उभी राहिली, कपाळाला बोट लावून पाहिलं, त्यावर लागलेला लाल रंग पाहिला. मग ती वळली. सुरूच्या खोडांमधून आमच्या खळ्यातून समुद्राची एक पट्टी दिसते. तिकडे बघत तिने विचारलं,

"मगे माजो खंय आसा?"

मग भागीकाकी कुंपणाच्या फटीतून परत गेली.

पुढच्या आठवड्यात सरपंचबाई पेपरातलं कात्रण घेऊन आल्या. फोटो छान आला होता. आईचं कपाळ मोकळं बघून त्या चपापल्या.

"द्वारकाताई, हे काय? विधवांनीही पुसू नये म्हणून आपण एवढा ठराव केला, आणि तुम्ही सवाष्ण असून पुसून बसलात?"

"बाई, माजां सुतक ऱ्हवलेलां," आई म्हणाली. "तां धरतंय."

बाईंना काही उलगडा झाला नाही. त्या चहा घेऊन गेल्या. गावाने आपल्यापुरता अर्थ लावला, की एवढी वर्षं वाट बघून द्वारका शेवटी थकली. भागीकाकीने कुणाला काही सांगितलं नाही. का सांगितलं नाही हे मी तिला कधी विचारलं नाही. तिने आईशी बोलणं मात्र टाकलं. ती मागच्या बाजूने विहिरीवर जायची, आमच्या खळ्याकडे बघायची नाही, आणि आई ती विहिरीवर जायच्या वेळेला दारात येऊन उभी राहायची.

मी आईला म्हटलं, दहावं करू. बाबांच्या नावाने एकदा तरी पिंड ठेवू.

"नको," ती म्हणाली. "तो तेवाच जेवलो."

तिला नेमकं काय म्हणायचं आहे ते मला कळलं आणि इतकी वर्षं मनात असलेला प्रश्न मी विचारला. "तू तेका काय सांगलंस? कावळो खाली इलो तेवा?"

आई माझ्याकडे बघून हसली. असं मोकळं हसलेलं मी तिला फार क्वचित बघितलं होतं.

"दुसरां काय सांगतलंय? 'तुज्या चेडवाक, वैजूक, मी सांबाळतंय, तू जेव.' इतके बापये होते, पण तेचां नाव कोण घेय नाय. तो जेवतलो कसो?"

त्या रात्री मी बाबांचा रेनकोट खुंटीवरून काढला. घडी घालताना तो ठिकठिकाणी तडकला.

कार्तिकात बुधाजीकाकांची तिथी आली. भागीकाकीने पान वाढलं नाही. जिवंत माणसाचं श्राद्ध कसं करायचं, असं ती म्हणाली, आणि ते ऐकून गावातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुंकू तिने रोज लावायला सुरुवात केली होती. ठरावाने सगळ्यांनाच मुभा होती, त्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. पण बाकीच्या हौसेने लावत किंवा सुनेच्या आग्रहाने. भागीकाकी मेण लावून लावायची, आईसारखं, बंद्या रुपयाएवढं.

आणि संध्याकाळी ती बंदरावर जाऊन बसायची. जिथे मी बसायचे तिथेच.

ग्रामपंचायतीने पुढे ज्येष्ठ नागरिकांसाठी किनाऱ्यावर सिमेंटचे बाक बसवले. त्यांच्या पाठीवर सौजन्याची नावं होती आणि तोंडं रस्त्याकडे, कारण उद्घाटनाचा फोटो रस्त्यावरून काढायचा होता. भागीकाकीने सरपंचबाईंना भेटून त्यातला एक बाक उलटा फिरवून घेतला. एक दिवस आई उठली, चप्पल घातली आणि त्या बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसली. भागीकाकी सरकली नाही आणि उठलीही नाही. त्यानंतर त्या रोज तिथे असायच्या. एक कपाळ लाल, एक मोकळं. ज्या बाईने जन्मभर समुद्राकडे पाठ केली ती आता समुद्राकडे तोंड करून बसायची, दुसरीला वाट बघताना सोबत म्हणून.

होड्या लागायच्या, माणसं उतरायची, जाळी उचलून निघून जायची. मग भागीकाकी विचारायची, "द्वारके, येतलो मां तो?"

"येतलो," आई म्हणायची.

मी एकदा आईला म्हटलं, आता तरी तिला खरं सांग, दोघेही एकाच वादळात गेले, यातला कुणी यायचा नाही. आई म्हणाली, "मी बगूक नाय तां मी कसां सांगू? एकदा सांगलंय तितक्या पुरे."

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मी नोकरीनिमित्त जिल्ह्याच्या गावी असते, तिथल्या नगरपालिकेत, आणि दर जानेवारीत बायकांच्या कल्याणाचे कार्यक्रम आखते. गावी गेले की संध्याकाळी त्या बाकावर जाते. भागीकाकी फार थकली आहे. नजर इतकी कमी झाली आहे की होडी आणि लाट तिला वेगळी कळत नाही. मी शेजारी बसले की ती वाकून माझ्या डाव्या पायाच्या बोटांना हात लावते, मी आहे याची खात्री करून घेते आणि मग विचारते.

"वैजू, येतलो मां गो तो?"

तिचं कुंकू घामाने ओघळलेलं असतं. मी ते बोटाने नीट गोल करते. समुद्राकडे मात्र माझ्याने बघवत नाही.

"येतलो, काकी," मी म्हणते.